साडभाऊ आणि शांत ठिपके

जगात सगळं सुरळीत चाललेलं पाहून ज्याच्या छातीत धडधडायला लागतं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे साडभाऊ निघाले. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, यजमान. संकट आलं की चारचौघांची झोप उडते, यांची संकट येईना की उडायची. घरात आठवडाभर भांडण झालं नाही, तर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ताईंना काळजीनं विचारत, "तब्येत बरी आहे ना तुयी?" ताई म्हणत, "आता बिघडन." मग त्यांचा जीव भांड्यात पडे. सगळे गुण जुळणाऱ्या पत्रिका, कुरकुर न करणारी सून, एकाही विद्यार्थ्याला नापास न करणारी शाळा, या सगळ्यांकडे ते दुधाच्या पातेल्यात काही पडलंय की काय अशा नजरेनं बघत.

याला कारण त्यांची नोकरी. भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवणारे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे. भांड्यांना गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा आमच्या मालकांनी गावाबाहेर हायवेला शेड टाकली आणि गॅसच्या शेगडीला लागणारे पितळी व्हॉल्व्ह करायला सुरुवात केली. तिथे साडभाऊ क्वालिटीत होते आणि मी डिस्पॅचमध्ये. म्हणजे माल अडवायचं काम त्यांचं आणि माल पाठवायचं माझं. एकाच सासऱ्याचे दोन जावई अशा दोन खुर्च्यांवर बसवू नयेत, पण ते मालकांना कोण सांगणार? साडभाऊ मला नावानं कधीच हाक मारत नसत. घरी, लग्नात, मयतीला, कुठेही मी त्यांच्यासाठी "डिस्पॅचवाले" होतो.

क्वालिटीच्या खोलीत त्यांचा एक चार्ट भिंतीवर लावलेला असे. कागदावर तीन आडव्या रेघा. मधली मध्यरेषा, वर एक हद्द, खाली एक हद्द. दर तासाला बेंचवरच्या बाया मशीनवरून आलेले पाच नग मोजायच्या, त्यांची सरासरी काढायच्या आणि चार्टवर एक ठिपका द्यायच्या. ठिपका हद्दीबाहेर गेला की मशीन थांबवायचं, एवढं आम्हा सगळ्यांना कळत होतं. साडभाऊंना त्यापुढचं दिसे. सलग सात ठिपके मध्यरेषेच्या एकाच अंगाला पडले की ते बेचैन व्हायचे. सात ठिपके पायरी पायरीनं वर चढले, तर हद्द अजून लांब असतानाच ते मशीनचं कापायचं हत्यार बदलायला लावायचे. पण त्यांना खरी भीती वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. सगळे ठिपके शहाण्या पोरांसारखे मध्यरेषेला चिकटून बसले, ना वर ना खाली, की साडभाऊंचा चेहरा उतरायचा. "जित्या वस्तूचे ठिपके हालतेत, डिस्पॅचवाले," ते म्हणायचे. "नाई हालले तर दोनच गोष्टी. एक तर मोजणारा खोटं बोलून राहिला, नाई तर वस्तू मेली."

हा नियम त्यांनी कारखान्यापुरता ठेवला असता तर हे व्यक्तिचित्र लिहायची वेळ माझ्यावर आली नसती. माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा थोरले जावई म्हणून साडभाऊ हजर होते. मला सगळं 'चालेल' म्हणायचं, असं आमच्या आईनं पढवून पाठवलं होतं. मुलगी नोकरी करणार नाही? चालेल. करणार? तेही चालेल. लग्न मुलीच्या गावी, दिघोरीला? चालेल. सासरेबुवा खूश झाले, आणि साडभाऊ पुढे सरसावले. "मामाजी, हा पोरगा सेंटरलाईनले चिकटून राहिला. मले डाऊट येते." मग मला म्हणाले, "जवसाची चटणी आवडते का?" माझ्या तोंडून "अजिबात नाही" निघून गेलं. साडभाऊंनी मांडीवर थाप मारली. "आता डेटा खरा वाटते. पेढे आणा."

लाखांदूरच्या एस.टी.चं प्रकरण तर भंडाऱ्याच्या स्टँडवर अजून सांगतात. साडभाऊंची म्हातारी आई लाखांदूरला असायची, म्हणून ते दर आठवड्याला ती गाडी पकडत, आणि स्टँडच्या घड्याळाप्रमाणे गाडी किती उशिरा आली त्याचा ठिपका खिशातल्या कार्डावर पेन्सिलीनं देत. एकदा ती गाडी लागोपाठ काही आठवडे अगदी ठोक्यावर आली. बाकीचे प्रवासी आनंदानं चढले. साडभाऊ चढले नाहीत. ते तडक कंट्रोलरच्या खिडकीशी गेले आणि "ही गाडी वेळेवर काहून येऊन राहिली?" असा जाब विचारला. वेळेवर का आली म्हणून तक्रार करणारा प्रवासी कंट्रोलरनं नोकरीत पहिल्यांदाच पाहिला असावा. बरीच हुज्जत झाल्यावर तो वैतागून म्हणाला, "अजी, स्टँडचं घड्याळ बंद पडून राहते. ही गाडी आली का मी तिच्यावरच घड्याळ लावतो, आता ती वेळेवर नाई येईन तं काय करीन?" गाडी निघून गेली होती. साडभाऊ बाकावर बसून राहिले, भजी मागवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हा शोध सांगत बसले.

आणि जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळं झालं, तेव्हाची गोष्ट. पुढे कित्येक वर्षं कुणी ना कुणी चहाच्या टपरीवर पेपर उघडून 'जिल्ह्यात अमुक तमुक निम्म्यावर आलं' असं वाचून दाखवे. साडभाऊ कपाळावर हात मारून घेत. "जिल्हाच निम्मा झाला ना बापा! पयले नवी मध्यरेषा काढा, मंग बोला." घरात ताईंच्या वरणातल्या मिठालाही ठिपके होते. जेवताना पहिला घास घेऊन ते डोळे मिटत, मनातल्या मनात मीठ तोलत आणि उठून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीचा ठिपका देत. "या माणसाले जेवण नाई पाहिजे, नमुना पाहिजे," असं ताई म्हणत, आणि मुद्दाम कधी मूठभर मीठ जास्त घालून त्यांची करमणूक करत.

मग एका हिवाळ्यात साडभाऊंच्या छातीत कळ आली. नागपूरला हलवलं. मी भेटायला गेलो तर नळ्यांच्या जंजाळात पडलेला हा माणूस उशाशी लावलेल्या मशीनच्या हिरव्या रेषेकडे मोठ्या कौतुकानं पाहत होता. नर्सला म्हणाले, "सिस्टर, ही रेघ वरखाली हालते तोवर ठीक ना? सरळ झाली का गेलो?" तिनं हो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आयुष्यभराचा वाद त्यांनी जिंकला होता. डॉक्टरांनी सुट्टी देताना बजावलं की ताण घ्यायचा नाही, जेवण चुकवायचं नाही. ही दोन्ही पथ्यं पाळणं साडभाऊंना शक्य नव्हतं. चार्टवर एक ठिपका वाकडा गेला की त्यांचा डबा तसाच घरी परत येई, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. ताईंनी मला दारापर्यंत येऊन सांगितलं, "त्याईच्याकडं ध्यान ठेवजा. पुढची कळ नाई सोसायची त्याईले." मी हो म्हटलं.

ते कामावर परत आले आणि नवल घडलं. चार्ट सुधारला. ठिपके मध्यरेषेपासून हलेनात. डबा रोज रिकामा होऊन घरी जाऊ लागला. मला वाटलं, देवानंच त्यांच्या मशीनला सद्‌बुद्धी दिली. काही दिवस साडभाऊही आजारपणाच्या अशक्तपणात गप्प होते. मग हळूहळू त्यांची नजर पहिल्यासारखी तीक्ष्ण व्हायला लागली, आणि मला धाकधूक वाटू लागली.

तो शनिवार होता, उन्हाळा नुकताच लागलेला. गेटजवळच्या कडुनिंबाखाली ट्रक भरून उभा होता. शेगड्या बनवणारी एक मोठी कंपनी आमचं मुख्य गिऱ्हाईक होती, आणि हा लॉट उशिरा पोचला तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. फक्त साडभाऊंची सही बाकी होती. मी कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. जेवणाची सुट्टी होऊन गेली होती आणि टेबलावर डबा तसाच होता, झाकणाला हातसुद्धा न लावलेला. मी कागद त्या डब्याशेजारी ठेवला.

"या डिस्पॅचवाले," ते चार्टवरून नजर न काढता म्हणाले. "किती सुंदर आहे नाई?"

"सुंदरच आहे, भाऊजी. सही करता ना?"

"तुमी बायाइनं रोवलेली धानाची बांधी पाहिली ना? कोणतं रोप इकडं, कोणतं तिकडं. हाताचं काम तसंच राहते. अन् हे पाहा. हे कोणी तरी दोरी लावून रोवलं." त्यांनी बोट ठिपक्यांवरून फिरवलं. "गाडी नाई जाणार."

मी वर मालकांच्या केबिनमध्ये सांगायला गेलो नाही, तरी दहा मिनिटांत मालक खाली आले. मालक माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्यांचा फोन सकाळपासून थांबला नव्हता. "लीक टेस्ट ओके, चार्ट ओके. मग ओके काय नाही?" त्यांनी विचारलं.

"चार्ट ओके आहे, हेच ओके नाही," साडभाऊ म्हणाले.

"लोक चार्ट बिघडला म्हणून गाडी थांबवतात! तुम्ही सुधरला म्हणून थांबवून राहिले?" मालकांचा आवाज चढला. "पाण्यात बुडवून एकेक नग पाहिला, एक बुडबुडा नाही आला."

"नाई येणार. आज वॉशर नवा आहे," साडभाऊ शांतपणे बोलू लागले, पण कपाळावर घाम जमला होता. "ज्या बैठकीवर वॉशर बसते ती जास्त खोल गेली असन तं आज दाबून बसन. चार-सहा महिन्यानं वॉशर घासन. मंग शेगडी बंद केल्यावरबी गॅस सुटत राहीन. अन् सकाळी उठून बाई काडी ओढन."

मालकांनी रुमालानं मान पुसली. "पण बैठक खोल गेली असं तुमच्या चार्टमध्ये कुठे आहे?"

"नाई ना. चार्टमध्ये काहीच नाई."

"मग ऐका. आज गाडी नाही निघाली तर ऑर्डर जाते. ऑर्डर गेली तर या बेंचवरच्या बायांना उद्यापासून येऊ नका म्हणून तुम्ही सांगा, मी नाही सांगणार." एवढं बोलून मालक तिथंच उभे राहिले. साडभाऊंनी डावा हात छातीशी नेला आणि शर्टाचं बटण चाचपल्यासारखं केलं. मी ताईंना दिलेला शब्द आठवून त्यांच्या खिशातली कळेवरची गोळी कुठल्या बाजूला असते ते नजरेनं शोधू लागलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या माणसाचा राग आला. सगळं चांगलं चाललं होतं. सही करायची, डबा खायचा आणि घरी जायचं. स्वतःच्या छातीपेक्षा कुणा अनोळखी बाईच्या शेगडीची काळजी या माणसाला का असावी?

ते उठले आणि बेंचकडे निघाले. मागे मी, मागे मालक. बेंचवर मेश्रामबाई होत्या. कारखाना सुरू झाल्यापासून माप घेणाऱ्या, साडभाऊंनीच शिकवून तयार केलेल्या. हात इतका सराईत की डायल गेजचा काटा त्यांच्याकडे पाहून थांबे, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. साडभाऊंनी आधी गेज उचलला, काटा अडकत तर नाही ना ते पाहिलं. काटा मोकळा होता. मग ट्रकवरून दोन बांधलेल्या पेट्या मागवल्या, एकीतून पाच नग काढले आणि एकेकाच्या बैठकीची खोली मोजायला लागले. पहिला नग मोजून त्यांनी खाली ठेवला. दुसरा ठेवला. तिसऱ्यानंतर त्यांनी चष्मा काढून पुसला. पाचही नग मध्यरेषेच्या खूप वर होते, दोन तर हद्दीला टेकलेले. त्यांनी दुसऱ्या पेटीतले पाच घेतले. ते हद्दीच्या बाहेर होते.

कुणीतरी मशीन बंद केलं.

"बाई," साडभाऊ हळूच म्हणाले, "मंग चार्टवरचे आकडे कुठून आले?"

मेश्रामबाई पदराचं टोक हातात घेऊन उभ्या होत्या. मग एकदम बांध फुटल्यासारखं त्या बोलल्या. "साहेब, तुमच्या घरच्या बाई आल्या होत्या माया घरी. तुमी दवाखान्यातून आले तवा. लय रडल्या. म्हणल्या, त्याईचा जीव त्या कागदात अडकला हाये. ठिपका वर गेला का त्याईच्या पोटात अन्न नाई जात. तू ठिपके मधात ठेव माय, मी तुया पाया पडतो. तवा माल चांगलाच होता साहेब, उलीसाच फरक होता, केसाएवढा. मी उलीसंच इकडचं तिकडं केलं. तुमी डबा खाऊन राहिले, ते पाहून बरं वाटे. मंग सगळ्या बायाइनं तसंच सुरू केलं, मोजणंबी सुटलं. अन् मंग कवा माल बिघडला ते आमालेबी नाई समजलं." त्यांनी डोळे पुसले. "आमी तं तुमाले वाचवून राहिलो होतो, साहेब."

मला वाटलं, आता हे कोसळणार. मालकांनाही तेच वाटलं असावं, त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. साडभाऊ स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते एकदा बायांकडे, एकदा त्या उघड्या पेट्यांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डिस्पॅचवाले, माया डबा आणा."

मी पळत गेलो आणि डबा आणला. त्यांनी तो बेंचवरच उघडला, मापाच्या हत्यारांच्या मध्ये, जिथे चहाचा कपसुद्धा ठेवायची त्यांनीच मनाई केली होती. पोळी होती आणि वांग्याची भाजी. "बाई, नवा चार्ट लावा," ते म्हणाले. "गाडी खाली करा. पेटी पेटी मोजायची. खरा आकडा असन तो जोरानं बोलायचा अन् ठिपका द्यायचा."

मेश्रामबाईंनी नग मोजला, सरासरी काढली आणि घाबरत आकडा सांगितला. हद्दीबाहेर.

"लावा बाहेरच," साडभाऊ म्हणाले आणि सगळ्यांकडे पाहत एक मोठा घास तोंडात टाकला. "पाहा. खाऊन राहिलो मी."

पुढचा ठिपका आणखी वर गेला. त्यांनी आणखी एक घास खाल्ला. घास गिळताना त्यांना किती कष्ट पडत होते ते गळ्याकडे पाहून कळत होतं, पण ते थांबले नाहीत. प्रत्येक वाकड्या ठिपक्याला ते सगळ्या बायांना दिसेल असा घास घ्यायचे आणि "हं, पुढं" म्हणायचे. आधी बाया रडत होत्या. मग एकजण हसली. मग आकडे मोठ्यानं आणि भराभर येऊ लागले, कुणी लपवेना, कुणी चाचरेना. मी आणि ड्रायव्हर पेट्या उतरवत होतो. मालक बराच वेळ दारात उभे होते. फोन वाजला तर त्यांनी तो कापला. शेवटी शर्टाच्या बाह्या सारून तेही बसले आणि नग पुसून द्यायला लागले.

प्रत्येक लॉटचे थोडे नमुने साडभाऊ कापडी पिशवीत घालून ठेवायचे. तेही काढून मोजले. आधी गेलेल्या गाड्यांमधला माल चांगला निघाला, बिघाड याच लॉटमध्ये सुरू झाला होता. ते कळलं तेव्हा साडभाऊंनी डब्याचं झाकण लावलं आणि पहिल्यांदा खोल श्वास घेतला. मालकांनी मेश्रामबाईंकडे पाहून काही बोलायला तोंड उघडलं, तर साडभाऊच आधी बोलले, "त्याईले काही म्हणू नका. ठिपका वर गेला का मी उपाशी राहत होतो, तं कोणाची छाती होईन वर लावायची? चूक मायी आहे." गाडी सोमवारी गेली, चांगल्या पेट्यांसह. ऑर्डर तुटली नाही, पण त्या कंपनीच्या माणसाच्या शिव्या मालकांनी आणि मी मिळून बरेच दिवस खाल्ल्या.

त्या शनिवारी संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवर घरी सोडलं. ताई दारातच होत्या. साडभाऊंनी डबा त्यांच्या हातात दिला. ताईंनी तो उघडून पाहिला, रिकामा होता. पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहताच त्यांना सगळं कळलं. त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. साडभाऊ कपाटाकडे गेले, पेन्सिल घेतली आणि दाराच्या आतल्या बाजूला एक ठिपका देत म्हणाले, "भाजीत मीठ जास्त होतं." ताई रडता रडता म्हणाल्या, "मंग खाल्ली काहून सगळी?"

निवृत्तीनंतर ते लाखांदूरला राहायला गेले. आता चार्ट त्यांच्यावरच होता. डॉक्टरांनी रोज रक्तदाब बघायला सांगितला होता. साडभाऊ मशीन बघून आकडा सांगायचे आणि ताई स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कागदावर ठिपका द्यायच्या. एकदा मी गेलो असताना सहज त्या कागदाकडे नजर गेली. सगळे ठिपके मध्यरेषेला चिकटून बसले होते, एका ओळीत, दोरी लावून रोवल्यासारखे. मी साडभाऊंकडे पाहिलं. त्यांनी माझी नजर ओळखली आणि शाळकरी पोरासारखे खिडकीबाहेर बघू लागले.

मी निघालो तेव्हा ताई फाटकापर्यंत आल्या. मी कसंबसं सुरू केलं, "ताई, तो कागद..." त्यांनी मला मध्येच थांबवलं. "मले समजते जी. इतके वर्षं त्याईच्यासंगं काढले, शांत ठिपक्याचा मतलब मले नाई समजन? पण ते मायासाठी खोटं बोलून राहिले, तं बोलू द्या. नागपूरच्या डॉक्टरची वेळ घेतली मी. त्याईले अजून सांगतली नाई."

नागपूरहून आल्यावर भिंतीवर नवा कागद लागला. त्यावरचे ठिपके वेडेवाकडे होते, काही तर पार वर गेलेले, आणि ते पाहून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. साडभाऊ त्या वेड्यावाकड्या ठिपक्यांसोबत पुढे बरीच वर्षं जगले, मिठाला नावं ठेवत आणि वेळेवर येणाऱ्या माणसांवर संशय घेत. मग एका सकाळी झोपेतच गेले. त्यांच्या मयतीला मेश्रामबाई भंडाऱ्याहून आल्या होत्या. एका कोपऱ्यात बसून त्या नुसत्या रडत होत्या, कुणी विचारलं कोण तुमचे, तर म्हणाल्या, "माये साहेब होते." मीही त्या दिवशी खूप रडलो. मला "डिस्पॅचवाले" म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही, ही गोष्ट अजूनही मनाला लागते.

ताई आता लाखांदूरला एकट्याच राहतात. आमच्याकडे या म्हटलं तर येत नाहीत. मी फोन करतो. पहिल्या पहिल्यांदा त्या कधी रडायच्या, कधी शेजारणीवर चिडायच्या, कधी गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगायच्या, एकदा तर उशिरा फोन केला म्हणून माझ्यावरच डाफरल्या. अलीकडे मात्र तसं होत नाही. कशा आहात, तर "बरी आहो." जेवलात का, तर "जेवली." काही हवं का, तर "काही नाई, तुमी सुखात राहा." मागच्या वेळी हेच, त्याच्या मागच्या वेळी हेच, त्याच्याही मागच्या वेळी शब्दाशब्दानं हेच.

काल फोन ठेवला तेव्हा बायकोनं विचारलं, "काय म्हणते ताई?" मी म्हटलं, "बरी आहे म्हणतात." तिनं खुंटीवरची पिशवी काढली आणि त्यात दोघांचे कपडे भरायला लागली. उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही लाखांदूरला निघालोय. गाडी वेळेवर येणार नाही याची मला खात्री आहे, आणि सध्या तेवढाच काय तो धीर आहे.